सुईतली चिप आणि नोंदवहीतले नाव : एका अफवेची चिकित्सा

प्रस्तावना :

लोकसाहित्याच्या मराठी अभ्यासकांनी ओवी, उखाणा, म्हण, दैवतकथा यांचे परिश्रमपूर्वक संकलन केले. अफवेचे संकलन मात्र बव्हंशी पोलिसांच्या दप्तरावर सोडून दिले. अफवेला ज्ञात कर्ता नसतो, तिचा पाठ स्थिर नसतो आणि ती बहुधा खोटी असते, ही त्यामागील कारणे असावीत. यांपैकी पहिली दोन कारणे ओवीलाही लागू पडतात. तिसरे कारण समीक्षेच्या दृष्टीने अपुरे आहे. कारण कथनाची चिकित्सा करताना ते घडले की नाही, एवढ्याच प्रश्नापाशी थांबता येत नाही. इतिहासकारांनी हे पूर्वीच ओळखले होते. रणजित गुहा यांनी १९८३ मधील 'एलिमेंटरी आस्पेक्ट्स ऑफ पेझंट इन्सर्जन्सी इन कलोनियल इंडिया' या ग्रंथात शेतकरी उठावांचा विचार करताना अफवेला संवादाचे स्वतंत्र माध्यम म्हणून स्थान दिले. लुईस व्हाइट यांनी २००० मधील 'स्पीकिंग विथ व्हॅम्पायर्स' या ग्रंथात पूर्व व मध्य आफ्रिकेतील रक्तशोषकांच्या कहाण्या वसाहतकालीन अनुभवाचे साधन म्हणून वाचल्या. असे रक्तशोषक कोणी नव्हते, हे व्हाइट यांना अर्थातच ठाऊक होते.

याच रीतीने येथे वाचावयाची संहिता अलीकडील आहे. कोविड-१९ च्या लशीतून माणसाच्या शरीरात सूक्ष्म चिप सोडली जाते व तिच्याद्वारे त्याचा ठावठिकाणा कळत राहतो, अशी ही कथा. २०२० च्या मार्च महिन्यापासून ती अमेरिकेतून निघाली आणि लस तयार होण्याच्या कितीतरी आधी जगभर पोहोचली. मे २०२० मध्ये याहू न्यूज व यूगव्ह यांनी अमेरिकेत घेतलेल्या चाचणीत, बिल गेट्स यांना लशीच्या आधारे लोकांच्या शरीरात चिप बसवावयाची आहे, असे २८ टक्के लोकांना वाटत होते. रिपब्लिकन मतदारांमध्ये हे प्रमाण ४४ टक्के होते. लसीकरण सुरू होऊन अनेक महिने लोटल्यावर, जुलै २०२१ मध्ये, 'इकॉनॉमिस्ट' व यूगव्ह यांच्या चाचणीत पाचांपैकी एकाला ही गोष्ट निश्चितपणे वा बहुधा खरी वाटत होती. एवढ्या मोठ्या समुदायाला वेड्यांत काढणे सोपे आहे. त्यातून कळत मात्र काहीच नाही.

गोधडी :

या कथेची रचना गोधडीसारखी आहे. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक ठिगळ खऱ्या कापडाचे आहे. खोटे आहेत ते टाके.

पहिले ठिगळ सर्वांत जुने. माणसाच्या शरीरात बसविण्याची चिप ही कल्पना नव्हे, तो विकला गेलेला माल आहे. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठाचे केव्हिन वॉरविक यांनी १९९८ मध्ये स्वतःच्या दंडात अशी चिप बसवून घेतली होती. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'व्हेरीचिप' या उत्पादनास रुग्णाची ओळख पटविण्याच्या कामी संमती दिली. तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी, तिच्यात सोळा अंकी क्रमांक, बॅटरी नाही. वाचक-यंत्र त्वचेच्या अगदी जवळ नेल्यावरच तो क्रमांक वाचता येई. त्याच वर्षी बार्सिलोनातील एका नाइटक्लबने आपल्या खास ग्राहकांना पेयांचे पैसे देण्यासाठी हीच चिप देऊ केली. २००६ मध्ये विस्कॉन्सिन राज्याने कोणाच्याही शरीरात सक्तीने चिप बसविण्यास बंदी करणारा कायदा केला. कॅलिफोर्निया व नॉर्थ डकोटा यांनी पुढील वर्षी तेच केले. कायदेमंडळांना ज्या गोष्टीची धास्ती वाटली तिला निव्वळ भ्रम म्हणता येत नाही. २०१० मध्ये या चिपची विक्री बंद झाली. धंदा बुडाला, प्रतिमा मात्र उरली.

दुसरे ठिगळ डिसेंबर २०१९ चे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी लशीबरोबरच त्वचेखाली एक रंगद्रव्य सोडण्याची पद्धत 'सायन्स ट्रान्सलेशनल मेडिसिन' या नियतकालिकात मांडली. तांबेयुक्त क्वांटम डॉट्सचे हे कण साध्या डोळ्यांना दिसत नाहीत. फेरफार केलेल्या स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याला अवरक्त प्रकाशात त्यांची नक्षी दिसते. प्रयोग उंदरांवर व मृत मानवी त्वचेवर झाले होते. जेथे लसीकरणाची कागदी नोंद टिकत नाही, अशा गरीब प्रदेशांतील बालकांना कोणती मात्रा मिळाली हे कळावे, हा हेतू होता. आणि त्यास गेट्स प्रतिष्ठानचे अर्थसाहाय्य होते. ही चिप नव्हे. तिच्यात क्रमांक नाही, प्रक्षेपण नाही. परंतु 'गेट्स', 'लस', 'त्वचेखाली', 'नोंद' हे चार शब्द एका बातमीत प्रथम एकत्र आले ते येथे.

तिसरे ठिगळ १८ मार्च २०२० चे. त्या दिवशी जाहीर प्रश्नोत्तरांत गेट्स यांनी, कोण बरा झाला, कोणाची चाचणी झाली व पुढे कोणी लस घेतली हे दाखविणारी डिजिटल प्रमाणपत्रे येतील, असे भाकीत केले. त्या उत्तरात शरीरात काही बसविण्याचा उल्लेख नव्हता. भाकीत मात्र अक्षरशः खरे ठरले. त्यानंतर आठच दिवसांनी मायक्रोसॉफ्टचा एक पेटंट-अर्ज प्रसिद्ध झाला. शरीराच्या हालचालींवरून आभासी चलन मिळविण्याच्या योजनेविषयीचा हा अर्ज. त्याच्या क्रमांकाच्या शेवटी ०६०६०६ हे अंक होते. बायबलच्या नव्या करारातील 'प्रकटीकरण' या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात उजव्या हातावर वा कपाळावर विशिष्ट खूण असल्याशिवाय कोणालाही खरेदी-विक्री करता येणार नाही, असा प्रसंग आहे व ६६६ ही संख्या तेथेच येते. ते पुस्तक लहानपणापासून ऐकत आलेल्या समाजास याहून अधिक पुरावा नको होता. हे चौथे ठिगळ.

ही ठिगळे जोडणारा दोरा म्हणजे इंजेक्शनची सुई. आणि येथेच गोधडी उसवते. 'व्हेरीचिप'ची कुपी दोन मिलिमीटरहून किंचित जाड व सुमारे बारा मिलिमीटर लांब होती. दंडात लस टोचण्याची सुई साधारणतः अर्धा ते पाऊण मिलिमीटर जाडीची असते. शिवाय उपग्रहाचे संकेत घेऊन आपले स्थान काढणे आणि ते दुसऱ्यास कळविणे या भिन्न क्रिया आहेत. दुसरीस ऊर्जा लागते, प्रक्षेपक लागतो. भारतीय वाचकाला हा भेद नवा वाटू नये. नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नव्या नोटेत 'नॅनो जीपीएस चिप' असल्याचे काही वृत्तवाहिन्यांनी गांभीर्याने समजावून सांगितले होते व जमिनीत खोल पुरलेली नोटसुद्धा उपग्रहास दिसेल, असे चित्रांसह दाखविले होते. सरकारला ते नाकारावे लागले. त्या चिपचे अनेकांनी स्वागत केले, कारण ती दुसऱ्याच्या तिजोरीत जाणार होती. तीच चिप आपल्या दंडात येणार म्हटल्यावर भय वाटू लागते, हा तपशील या कथेच्या समीक्षकास दुर्लक्षिता येणार नाही.

सुईच का ? :

अफवेने सुईची निवड यदृच्छेने केलेली नाही. हिंदुस्थानातील पहिली देवीची लस १४ जून १८०२ रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. पुढील शतकभर 'देवी काढणारा' सरकारी माणूस गावात आला की कोणत्या वदंता पसरत, याची नोंद डेव्हिड आर्नल्ड यांच्या १९९३ मधील 'कलोनायझिंग द बॉडी' या ग्रंथात सापडते. दंडावरील वण हा सरकारी गुलामीचा शिक्का आहे, ही त्यांपैकी एक. दुसरी अधिक कल्पक : इंग्रजांचे राज्य बुडविणारे बालक जन्मले आहे, त्याचे रक्त पांढरे आहे आणि त्याचा शोध घेण्यासाठीच सरकार प्रत्येक मुलाच्या दंडाला सुई लावीत आहे. शोध, ओळख आणि सुई या तिन्ही गोष्टी दोनशे वर्षांपूर्वीच एकत्र आलेल्या दिसतात. २०२० च्या कथेने फक्त पांढऱ्या रक्ताच्या जागी चिप आणली.

याला अडाणीपणा म्हणून बाजूस सारता आले असते, जर सत्तेने सुईचा असा वापर कधी केलाच नसता. परंतु २०११ मध्ये अमेरिकेच्या गुप्तहेर संघटनेने पाकिस्तानातील अबोटाबाद येथे कावीळ-ब प्रतिबंधक लसीकरणाचा बनाव रचला. ओसामा बिन लादेनच्या कुटुंबीयांचे जनुकीय नमुने मिळविणे हा त्यामागील हेतू होता. म्हणजे ज्याच्या शोधार्थ घराघरांत सुई फिरते असे ते बालक या वेळी खरोखरच होते, आणि सुईही खरीच होती. त्याची किंमत भलत्यांनीच मोजली : पाकिस्तानात पोलिओचे डोस पाजणाऱ्या स्त्रियांवर डिसेंबर २०१२ पासून प्राणघातक हल्ले झाले. लसीकरण मोहिमांचा हेरगिरीसाठी वापर करणार नाही, असे आश्वासन अमेरिकेच्या सरकारने मे २०१४ मध्ये दिले. असे आश्वासन द्यावे लागणे, हीच या प्रकरणावरील सर्वांत कठोर टीका होय.

महाराष्ट्राची स्मृती वेगळी नाही. १८९७ च्या साथरोग कायद्याखाली पुण्यात गोऱ्या सैनिकांनी घेतलेल्या झडत्या व त्यानंतरचा २२ जूनचा रँडचा वध हा इतिहास शालेय पुस्तकांत असतो. त्यातील एक गोष्ट मात्र तेथे फारशी येत नाही, ती म्हणजे खुणा. प्लेगच्या काळात मुंबईतील घरांवर 'यू. एच. एच.' अशी इंग्रजी अक्षरे रंगविली जात. मनुष्यवस्तीस अयोग्य, असा त्यांचा अर्थ. मद्रास इलाख्यात प्लेगग्रस्त भागातून येणाऱ्यास 'प्लेग पासपोर्ट' मिळे व नंतर ठरावीक दिवस हजेरी द्यावी लागे. मिशेल फूको यांनी १९७५ मधील ग्रंथात आधुनिक निगराणीचे वर्णन सतराव्या शतकाअखेरच्या एका प्लेगग्रस्त नगरापासून सुरू केले, त्याचे मर्म येथेच आहे. साथ आली की सत्ता प्रथम मोजते, मग नोंदते, मग खूण करते. औषध त्यानंतर येते. कधी कधी येतही नाही.

तोच १८९७ चा कायदा २०२० मध्ये पुन्हा वापरला गेला. मार्च २०२० च्या मध्यास महाराष्ट्र शासनाने गृह-विलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर निवडणुकीच्या शाईने शिक्के मारण्यास प्रारंभ केला. परदेशातून परतलेल्या अशा चार प्रवाशांना, हातावरील शिक्के दिसल्याने, पालघर येथे रेल्वेगाडीतून उतरविण्यात आले. संसर्ग रोखण्याच्या दृष्टीने ही कृती समर्थनीय होती, असे म्हणता येईल. तथापि शरीरावर शिक्का, त्या शिक्क्यावरून प्रवासाचा अधिकार नाकारणे, या दोन्ही गोष्टी चिपच्या अफवेने ज्या भविष्यात ढकलल्या होत्या, त्या येथे वर्तमानात आणि राजरोस घडत होत्या. त्यांविषयी अफवा उठण्याचे कारणच नव्हते. सर्वांना दिसत असलेल्या गोष्टीची अफवा होत नाही.

खंडनाची संहिता :

अफवेइतकीच तिची खंडनेही एक संहिता आहेत आणि समीक्षेने त्यांनाही सोडू नये. 'व्हायरल सत्य' छापाच्या या मजकुराची ठरीव घडण आहे : दावा, लाल फुली, तज्ज्ञाचे वाक्य. जून २०२१ मध्ये लस घेतल्यावर अंगाला नाणी, चमचे चिकटू लागल्याची नाशिकमधील एका ज्येष्ठ नागरिकाची चित्रफीत देशभर पसरली, तेव्हा घामट त्वचेला सपाट वस्तू चिकटतात व पावडर लावली की गळून पडतात, हे साधे कारण पुढे आले. ते योग्यच होते आणि तेवढ्यापुरते पुरेसेही होते.

चिपच्या बाबतीत मात्र हे खंडन अर्ध्यावर थांबते. शरीरात चिप नाही, एवढे सिद्ध करून ते निश्चिंत होते. माग काढला जात नाही, असा निष्कर्ष वाचकाच्या मनात आपोआप उतरतो. हा निष्कर्ष खरा नाही. १६ जानेवारी २०२१ रोजी भारतात लसीकरण सुरू झाले ते 'कोविन' या संगणकीय प्रणालीवर. नाव, वय, मोबाइल क्रमांक, ओळखपत्र, केंद्र, तारीख, मात्रा या सर्वांची नोंद तेथे झाली. आधार क्रमांक दिलेल्यांचा आरोग्य ओळख क्रमांकही त्यांना न विचारता तयार झाल्याच्या तक्रारी त्याच वर्षी पुढे आल्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल दोन मात्रा घेतलेल्या व त्यानंतर चौदा दिवस लोटलेल्या प्रवाशांसाठी खुली झाली. फलाटावर जाण्यासाठी प्रमाणपत्र दाखवावे लागे. विरारहून चर्चगेटला घरकामास जाणाऱ्या बाईच्या दंडात काय आहे, याच्याशी तिकीट-खिडकीला कर्तव्य नव्हते. तिच्या नावापुढे काय आहे, एवढेच विचारले जात होते. जून २०२३ मध्ये केवळ मोबाइल क्रमांक दिल्यास संबंधिताचे लसीकरणाचे तपशील टेलिग्रामवरील एका यंत्रणेतून मिळत असल्याच्या बातम्या आल्या. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने या बातम्या निराधार ठरविल्या व 'कोविन' सुरक्षित असल्याचे सांगितले.

सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी 'जेकब पुलियेल विरुद्ध भारत संघ' या प्रकरणात, शारीरिक स्वायत्तता संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदाखाली संरक्षित असून कोणासही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. लस न घेतलेल्यांवर राज्यांनी घातलेले निर्बंध त्या वेळच्या परिस्थितीत प्रमाणशीर नाहीत, असेही म्हटले. याच निकालात न्यायालयाने शासनाचे लसीकरण धोरण अवाजवी मानले नाही. अफवेवर विश्वास ठेवणारे व तिची टिंगल करणारे अशा दोघांनीही हा निकाल वाचला असता, तर त्यांच्यातील भांडणाचा विषय बदलला असता. सुई आणि नोंद यांना वेगळे करून पाहण्याची सोय त्यात होती.

अफवेचा दोष तिच्या भित्रेपणात नाही, दिशाभूल करण्यात आहे. भय रास्त, बोट चुकीच्या जागी. सुईकडे बोट दाखविल्याने माणसे लशीपासून दूर राहिली आणि त्यांतील काहींनी त्यापायी जीव गमावला. नोंदवहीकडे मात्र कोणी पाहिलेच नाही.

खुणेचा प्रवास :

आणि तरीही नोंदवही ही निव्वळ सत्तेची वस्तू नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस निघालेल्या कुटुंबाबरोबर बाळाचे लसीकरणाचे कार्ड निघतेच असे नाही. निघाले तरी कोपीवरच्या पावसात ते टिकतेच असे नाही. नव्या गावातील परिचारिकेसमोर आईला तोंडी सांगावे लागते, आणि तिच्या सांगण्यावर किती विसंबावे हे परिचारिका ठरविते. मॅसॅच्युसेट्सच्या संशोधकांनी ज्या बालकाचा विचार केला, ते बालक हेच. ज्यांच्यासाठी नोंद असणे हा अधिकार आहे, त्यांच्या बाजूने पाहता 'नोंदच नको' ही घोषणा सुखवस्तूंची चैन ठरते.

प्रश्न खूण असावी की नसावी हा नाही. ती कोणाला वाचता येते, हा आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया गोंदण मिरवीत आल्या. मेल्यावर सोबत येणारा एवढाच दागिना, अशी त्यामागील श्रद्धा. गोंदण बाई स्वतः निवडते, स्वतः वाचते, इतरांनाही दाखविते. देवीचा वण निवडलेला नव्हता, पण ज्याच्या दंडावर तो होता त्याला दिसत होता. देवी निर्मूलनाच्या काळात तपासनिसांनी हेच वण मोजून मोहिमेचा पल्ला ठरविला. २०२० चा शाईचा शिक्का लाजिरवाणा होता, परंतु तोही दिसत होता आणि काही दिवसांत पुसला जात होता. क्वांटम डॉटच्या नक्षीपाशी येताच क्रम उलटतो. खूण अंगावर आहे, आणि जिच्या अंगावर आहे तिलाच दिसत नाही. ती दिसते फक्त विशिष्ट कॅमेरा बाळगणाऱ्यास. 'कोविन'मधील नोंद तर अंगावरही नाही. वण, शिक्का, रंगद्रव्य, नोंद : या क्रमाने खूण धारण करणाऱ्याच्या नजरेतून सरकत सरकत नाहीशी झाली आहे. चिपच्या अफवेने तपशील सगळे चुकविले, पण अदृश्यतेची ही वाट तिला बरोबर उमगली. शरीरातील न दिसणारी वस्तू ही तिची प्रतिमा. एरवी ज्याला आकार नाही अशा गोष्टीला तिने तांदळाच्या दाण्याचा आकार दिला. कल्पनाशक्तीचे काम याहून निराळे नसते.

याच देशात एका खुणेने उलट वाट धरली होती. १९९५ मध्ये सुरू झालेल्या पल्स पोलिओ मोहिमेत डोस पाजल्यावर बालकाच्या डाव्या हाताच्या करंगळीवर शाई लावली जाई. नंतर घरोघर फिरणारे पथक दारावर खडूने खूण करी : सर्व बालकांना डोस मिळाला असल्यास 'पी', कोणी राहिले वा कोणी नकार दिला असल्यास 'एक्स'. १८९७ च्या 'यू. एच. एच.'ची ही वंशज होय. साथ तीच नसली तरी भिंत तीच, अक्षरे इंग्रजीच. विरोध येथेही झाला. उत्तर प्रदेशात या डोसाने मुले निपुत्रिक होतील, अशी वदंता अनेक वर्षे टिकली, आणि आणीबाणीतील सक्तीची नसबंदी आठवणाऱ्या वस्त्यांना ती पटण्यासारखीही होती. परंतु 'एक्स' पडलेल्या घरी शिपाई जात नसे. त्याच गल्लीत राहणारी एखादी बाई, कधी मशिदीतले मौलवी, कधी आधी डोस घेतलेल्या मुलाची आई, असे कोणी तरी पुन्हा जाई. दाराबाहेर उभे राहून बोले. आणि न जमल्यास पुढच्या फेरीला पुन्हा येई. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. तोपर्यंत कित्येक दारांवरचा 'एक्स' पुसून त्याजागी 'पी' लिहिला गेला होता. तो खडूने लिहिलेला असल्याने पुढच्या पावसात धुऊन जाई, आणि करंगळीवरची शाई त्याच्याही आधी, काही दिवसांतच, निघून जाई. तोवर मुले ती एकमेकांना दाखवीत हिंडत.